टॅकल फुटबॉल: मुलाच्या आधी आईवडिलांची तयारी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा दहा वर्षांचा, डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो, आता पाचवीत जाईल. आजवर पोहणं आणि थोडंफार क्रिकेट, याच्यापलीकडे खेळ नाही. वर्गातले मित्र ऑगस्टपासून अमेरिकन फुटबॉलच्या टॅकल लीगमध्ये (म्हणजे समोरच्याला धरून पाडायचा खेळ) जाणार म्हणून यालाही जायचंय. त्याचे बाबा म्हणतात, जाऊ दे, जरा धट्टाकट्टा होईल. तुमच्या पोटात गोळा आलाय. मे संपत आला, मोसमाला दोन महिने आहेत, तेवढ्यात त्याच्याकडून काय तयारी करून घ्यावी?

मी याच भागातल्या शाळांमध्ये बरीच वर्षं ॲथलेटिक ट्रेनर आहे. म्हणजे जिममध्ये वजनं उचलून घेणारा ट्रेनर नव्हे. मैदानाच्या कडेला उभं राहायचं, कोण लंगडतोय, कोण भांबावल्यासारखा बघतोय ते टिपायचं, आणि वेळ आली की कोचला ‘हा आज परत आत जाणार नाही’ असं सांगायचं, हे माझं काम. त्यामुळे माझं उत्तर थोडं एका बाजूला झुकलेलं वाटेल. मला या खेळात दुखापतीच जास्त दिसतात. तरी खेळ मला आवडतो, आणि मुलांना यात काय मिळतं तेही मी रोज बघतो.

आधी माझं मत सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मी कुठे उभा आहे ते कळेल. माझा मुलगा असता तर त्याला सातवीपर्यंत फ्लॅग फुटबॉल खेळू दिलं असतं. फ्लॅगमध्ये समोरच्याला पाडायचं नसतं, त्याच्या कमरेच्या पट्ट्याला लटकणारी फडकी ओढायची असतात. धावणं, झेलणं, चकवणं, चेंडू फेकणं हे सगळं त्यात आहे. २०२१ मध्ये सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेचा एक अभ्यास आला, ६ ते १४ वर्षांच्या मुलांवरचा. टॅकल खेळणाऱ्या मुलाच्या डोक्याला एका सरावात किंवा सामन्यात फ्लॅगवाल्यापेक्षा १५ पट जास्त धक्के बसत होते, आणि जोराचे धक्के २३ पट. पूर्ण मोसमाचा मध्यक आकडा टॅकलमध्ये ३७८, फ्लॅगमध्ये ८. यातले बहुतेक धक्के साधेच असतात, त्यातून कन्कशन (धक्क्याने मेंदूचं काम बिघडणं) होत नाही. पण पावणेचारशे आणि आठ हा फरक मला पुरेसा आहे.

सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार, त्यावरच्या बॉस्टन विद्यापीठाच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. २०१७ मध्ये त्यांनी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या १११ माजी खेळाडूंचे मेंदू तपासले आणि ११० जणांत तो आजार सापडला. पुढच्या वर्षी त्यांनीच दाखवलं की ज्यांनी बाराव्या वर्षाआधी टॅकल सुरू केलं होतं त्यांच्यात लक्षणं सरासरी १३ वर्षं लवकर दिसली. हे आकडे बघून माणूस हादरतो. पण हे दान केलेले मेंदू होते, म्हणजे घरच्यांना आधीच काहीतरी बिनसल्याची शंका आलेली माणसं. आणि त्यातले बहुतेक जण वर्षानुवर्षं खेळलेले. दहा वर्षांच्या मुलाने एक-दोन मोसम खेळल्याने काय होईल, हे त्यावरून काढता येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१५ च्या भूमिकेत टॅकलवर बंदी मागितली नाही. डोकं पुढे घालून मारणाऱ्यावर कडक कारवाई करा, टॅकलविना खेळता येईल अशा लीग वाढवा आणि मैदानावर ॲथलेटिक ट्रेनर ठेवण्याचा प्रयत्न करा, असं ते म्हणाले. खेळायचं की नाही, ते खेळणाऱ्यांनी नफा-तोटा तोलून ठरवावं.

‘आत्ता नाही घातलं तर मागे पडेल’ हे मात्र मनातून काढून टाका. टेक्सासमध्ये शाळेचं टॅकल सातवीपासून सुरू होतं. तिथे बरीच मुलं नवखीच असतात, आणि कोच सगळ्यांना पहिल्या पायरीपासून शिकवतात. एनएफएलचा नावाजलेला खेळाडू टॉम ब्रेडी नववीत जाईपर्यंत टॅकल खेळला नव्हता. आर्ची मॅनिंगने पुढे एनएफएलमध्ये गाजलेल्या पेटन आणि ईलाय या आपल्या दोन्ही मुलांना सातवीच्या आधी खेळू दिलं नव्हतं, आणि आर्ची स्वतः एनएफएलचा क्वार्टरबॅक (डाव चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) होता. शिवाय २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये फ्लॅग फुटबॉल आहे. तो निर्णय झाला ऑक्टोबर २०२३ मध्ये, आपल्या मुंबईत भरलेल्या ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात. क्रिकेटला त्याच ठरावात जागा मिळाली, म्हणून आपल्याकडे त्या बातमीतलं फ्लॅग कुणी वाचलंच नाही. मुलाला ‘फ्लॅग म्हणजे बच्च्यांचा खेळ’ वाटत असेल तर हे जरूर सांगा.

आता, हे सगळं ऐकूनही तुमचं टॅकलचंच ठरलं असेल, तर त्यात गुन्हा काही नाही. मग तयारी नीट करायची. आणि इथे तुमचा प्रश्न मी थोडा फिरवतो. दोन महिन्यांत मुलाला बळकट करणं हे सगळ्यात मोठं काम नव्हे. सगळ्यात मोठं काम तुमचं आहे: योग्य लीग आणि योग्य कोच शोधणं. दहा वर्षांच्या मुलाची सुरक्षितता त्याच्या दंडापेक्षा कोचच्या वहीवर जास्त अवलंबून असते.

लीगच्या वेबसाइटवर ‘सेफ्टी फर्स्ट’ सगळेच लिहितात. त्याच्यावर जाऊ नका. फोन करा, आणि शक्य असेल तर त्यांचा एखादा सराव नुसता बघून या. पहिला प्रश्न हा विचारा: आठवड्यात पूर्ण जोराचा संपर्क, म्हणजे खरोखरची धडक आणि पाडापाडी, किती मिनिटं असतो? ज्याला उत्तर पटकन देता येतं, त्या कोचने विचार केलेला असतो. तुलनेसाठी सांगतो, कॅलिफोर्नियात २०२१ पासून लागू झालेल्या कायद्याने मुलांच्या टॅकल लीगमध्ये पूर्ण संपर्काचा सराव दिवसाला ३० मिनिटं आणि आठवड्याला दोन दिवस एवढाच ठेवलाय. पॉप वॉर्नर ही १९२९ मध्ये सुरू झालेली देशातली सगळ्यात जुनी मोठी संघटना. तिने २०१६ मध्ये सरावातला संपर्क एकूण वेळेच्या पावपट केला आणि लहान गटांचा किकऑफच (खेळ सुरू करताना लाथेने चेंडू लांब मारणं) काढून टाकला, कारण लांबून धावत येऊन होणाऱ्या टकरी तिथेच सगळ्यात वाईट असतात. तुमची लीग पॉप वॉर्नरची नसेल, तरी ‘तुम्ही किकऑफ कसा घेता?’ एवढं विचारायला काय हरकत आहे?

दुसरा प्रश्न: ओक्लाहोमा ड्रिल करता का? दोन मुलांना समोरासमोर उभं करायचं, बाकीच्यांनी भोवती कडं करून ओरडायचं, आणि दोघांनी एकमेकांवर तुटून पडायचं, असा हा जुना प्रकार. २०१९ मध्ये एनएफएलने आपल्या सरावांतून तो बाद केला. जे धंदेवाईक पैलवानांना नको झालंय ते पाचवीतल्या पोरांकडून करून घेणारा कोच अजून कुठेकुठे भेटतो, आणि वर ‘याने पोरं मर्द होतात’ असं सांगतो. तिथून तसेच परत या. फी भरली असेल तरी.

बाकीचे प्रश्न पटापट. कोचने टॅकल शिकवण्याचं प्रमाणपत्र घेतलंय का? सगळ्या कोचांची पार्श्वभूमी तपासली जाते का? डोक्याला लागलेल्या मुलाला बाहेर काढायचा आणि परत घ्यायचा निर्णय कोण घेतं? सामन्याला वैद्यकीय माणूस असतो का? गट वयावर पाडतात की वय आणि वजन दोन्हींवर? शेवटचा प्रश्न आपल्यासाठी महत्त्वाचा. आपली मुलं बरेचदा अंगाने लहानखुरी असतात, आणि दहाव्या-अकराव्या वर्षी एकाच वर्गात २७ किलोचा आणि ५५ किलोचा मुलगा शेजारी बसलेला असतो. काही लीगमध्ये ठरावीक वजनापुढच्या मुलांना चेंडू घेऊन धावता येत नाही. त्यांच्या हेल्मेटवर पट्टी लावतात. असा नियम असलेली लीग मला जास्त भरवशाची वाटते. आणि उलट बाजूने: हलक्या गटात बसावं म्हणून मुलाला उपाशी ठेवणारे आईबाप मी बघितलेत. ते काहीही झालं तरी करू नका.

डॉक्टरकडे शारीरिक तपासणी करून घ्यालच, बहुतेक लीग फॉर्म मागतात. तो फॉर्म घाईत भरू नका. दमा, आधीचं डोक्याला लागणं, कुटुंबात तरुणपणी अचानक हृदयविकाराने गेलेलं कुणी, धावताना कधी आलेली चक्कर, सगळं लिहा. आपल्याकडे ‘उगाच कशाला सांगायचं, नाहीतर घेणार नाहीत’ अशी वृत्ती असते, तिला इथे जागा नाही. आणखी एक गोष्ट इथले डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही. अमेरिकेत जन्मलेल्या प्रत्येक बाळाची सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची चाचणी होते. तुमचा मुलगा भारतात जन्मलेला असेल आणि मूळ घर विदर्भातलं किंवा त्या आजाराचं प्रमाण जास्त असलेल्या दुसऱ्या भागातलं असेल, तर ती चाचणी मागून घ्या. नुसता वाहक असलेल्या मुलाला एरवी काही त्रास नसतो, पण भर उन्हात सलग जोराच्या धावा काढताना तो कोसळू शकतो. असलं निघालं तर खेळणं बंद करायचं नसतं. विश्रांती आणि पाणी यांचे नियम वेगळे करायचे, आणि कोचला ते माहीत असायला हवेत.

हेल्मेट. याच्यावर थोडा रेंगाळतो, कारण मोसमाच्या पहिल्या आठवड्यात मी बघतो त्यातली बरीच हेल्मेटं चुकीची बसवलेली असतात. बहुतेक लीग हेल्मेट आणि शोल्डर पॅड स्वतः देतात. मिळालेलं हेल्मेट उलटं करून आत बघा. एनओसीएसएई या खेळाच्या साधनांचे सुरक्षा निकष ठरवणाऱ्या संस्थेचा शिक्का आणि शेवटची दुरुस्ती-तपासणी कधी झाली त्याचं लेबल असतं. दहा वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदलून मागा. विकत घेणार असाल तर व्हर्जिनिया टेकची मुलांच्या हेल्मेटांची वेगळी क्रमवारी आहे, ती बघून घ्या. सगळ्यात महागडंच वर असतं असं तिथे दिसणार नाही.

आता बसवायचं कसं. हेल्मेटची पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं. कानाची भोकं कानांवर. मागची बाजू कवटीच्या खालच्या उंचवट्याला झाकणारी. गालांचे पॅड गालाला टेकलेले, पण चिमटलेले नकोत. मग हनुवटीचा पट्टा चारही बटणांवर लावा आणि पुढची जाळी दोन्ही हातांनी धरून डावी-उजवी, वर-खाली हलवा. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. हेल्मेट कातडीवरून सरकलं, तर ते ढिलं आहे. मग मुलाला मोठ्ठी जांभई द्यायला सांगा. हेल्मेट डोक्यावर खाली दाबल्यासारखं वाटलं तर पट्टा बरोबर. मुलगा ‘दुखतंय’ म्हणेल. पहिल्या दिवशी घट्ट वाटणारच. पण कपाळावर लाल वळ उठून तो तासाभरात गेला नाही तर आकार चुकलाय. हे सगळं दोन आठवड्यांनी पुन्हा करा, आणि केस कापल्यावर तर हमखास करा. हवा भरायची हेल्मेटं असतील तर दर आठवड्याला. आणि ते गाडीच्या डिकीत उन्हात टाकून ठेवू नका.

एवढं करूनही हेल्मेट काय वाचवतं ते लक्षात ठेवा. कवटी फुटण्यापासून ते वाचवतं. आतला मेंदू धक्क्याने हलतो, ते कुठलंही हेल्मेट थांबवत नाही. वरून चढवायच्या गुबगुबीत टोप्या एनएफएलने २०२२ पासून काही जागांच्या खेळाडूंना सरावात सक्तीच्या केल्या. लीग देत असेल तर घालू द्या, पण त्यापायी निश्चिंत होऊ नका. माउथगार्डचंही तसंच. दातांसाठी तो हवाच, गरम पाण्यात मऊ करून दातांवर घट्ट बसवलेला. दातांना तारा असतील तर वेगळ्या प्रकारचा मिळतो. बूट प्लास्टिकच्या खुंट्यांचे घ्या आणि मोसमाच्या आदल्या दिवशी नको, जुलैतच घ्या, म्हणजे फोड येऊन जातील. आणि हो, जांघेचा कप. हा विषय घरात निघत नाही म्हणून मुलगा तसाच येतो.

शरीराची तयारी. दोन महिन्यांत चमत्कार होत नाहीत, पण तीन गोष्टी होतात. एक, पडायला शिकणं. गवतावर किंवा गादीवर, गुडघ्यांवर बसून बाजूला कलंडायचं, हनुवटी छातीकडे, हात आडवा टेकवून थांबायचं नाही, खांद्यावरून लोळायचं. हात टेकवून पडणाऱ्या मुलांची मनगटं मोडतात. दोन, मान आणि धड. मुलाच्या कपाळावर तळहात ठेवून हलका दाब द्यायचा, त्याने मान सरळ ठेवून तो पाच आकडे मोजेपर्यंत थोपवायचा. मग मागून, मग दोन्ही बाजूंनी. जोर लावायचा नाही, मानेला झटका तर अजिबात नाही. याच्या जोडीला सूर्यनमस्कार, बैठका, अस्वलासारखं चार पायांवर चालणं. वजनं नकोत. मल्लखांबाचा वर्ग जवळ असेल तर त्याच्याइतकी पकड आणि धडाची ताकद देणारं मला दुसरं काही माहीत नाही, पण आता दोन महिन्यांसाठी तो शोधत बसू नका. तीन, उष्णता. तिच्याकडे पुढे येतो.

टॅकलचं तंत्र कोचने शिकवायचं. पण त्याची एक गोष्ट घरात रोज बोलली पाहिजे: डोकं वर, डोळे उघडे, आणि ज्याला धरायचं त्याच्या एका बाजूला आपलं डोकं. घाबरलेलं मूल शेवटच्या क्षणी डोळे मिटून मान खाली घालतं. अगदी नैसर्गिक आहे ते. आणि तेच सगळ्यात धोक्याचं. मान सरळ असते तेव्हा तिला किंचित मागे बाक असतो आणि ती धक्का पचवते. मान खाली घातली की मणके एका सरळ रेषेत येतात, आणि डोक्याच्या टाळूवर बसलेला मार थेट त्यांच्यात जातो. मानेचे मणके मोडून मुलं कायमची अपंग होत होती म्हणून १९७६ मध्ये शाळा-कॉलेजच्या नियमांत डोकं पुढे घालून मारण्यावर बंदी आली, आणि अशा दुखापती झपाट्याने घटल्या. घरी सराव करायचाच असेल तर तुम्ही गादी उभी धरा, मुलाने गुडघ्यांवरून पुढे येऊन खांदा टेकवायचा, दोन्ही हातांनी कवळ घालायची, आणि तुमच्या शर्टावरची कुठलीतरी खूण बघून मोठ्याने सांगायची. खूण सांगता आली म्हणजे डोळे उघडे होते. बाबा कॉलेजात कबड्डी खेळलेले असतील तर एक सूचना: त्यांना घोट्याची पकड नि सूर मारणं शिकवण्याचा मोह होईल. आवरायला सांगा. कबड्डीत समोरून कुणी हेल्मेट घालून गुडघा उचलत येत नाही.

यापुढची गोष्ट आपल्या घरांची खास आहे. वर्गातल्या इतर मुलांनी बापाच्या मांडीवर बसून हजार सामने बघितलेले असतात. आपल्या टीव्हीवर आयपीएल. मग आपलं पोर मैदानात जातं तेव्हा त्याला डाउन म्हणजे काय ते माहीत नसतं, शिट्टी कधी वाजते ते माहीत नसतं, आणि चेंडू कुठे गेला ते शोधत ते मधोमध उभं राहतं. पाठमोऱ्या, बेसावध मुलाला बसलेला धक्का तयार असलेल्याला बसलेल्या धक्क्यापेक्षा कितीतरी वाईट. माझ्या मते पंजाबी, तेलुगू, मराठी सगळ्याच घरांतल्या नवख्या मुलांचा हाच खरा धोका आहे, अंगकाठी नव्हे. तेव्हा या दोन महिन्यांत त्याच्याबरोबर जुने सामने बघा. चार डाउनमध्ये (म्हणजे चार प्रयत्नांत) दहा यार्ड, ११ जण विरुद्ध ११ जण, कोण धावू शकतं, कोण फक्त अडवतं, एवढं कळलं तरी पुष्कळ. ‘आता हा कुणाला धरेल?’ असं विचारत बघा. तुम्हालाही येत नसेल तर दोघं मिळून शिका. ऑगस्टच्या शेवटी शाळेचे शुक्रवारचे सामने सुरू होतात, तिकीट स्वस्त असतं, एखादा प्रत्यक्ष बघा.

उष्णता. सराव जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला सुरू होतो, आणि तेव्हा इथे संध्याकाळी सहाला सुद्धा पारा फॅरनहाइटची शंभरी सोडत नाही. एसीतून उठून थेट पॅड चढवणाऱ्या मुलाचं शरीर त्याला तयार नसतं. सवय व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. जुलैच्या मध्यापासून त्याला रोज संध्याकाळी बाहेर काढा. आधी वीस मिनिटं, मग वाढवत तासभर. हायस्कूलमध्ये पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शोल्डर पॅड, आणि सहाव्या दिवसापासून सगळा सरंजाम अशी शिफारस आहे. तुमची लीग पहिल्याच दिवशी पूर्ण पॅडमध्ये पळवत असेल तर विचारा का. मिनेसोटाच्या संघाचा कोरी स्ट्रिंगर २००१ मध्ये सरावातल्या उष्माघाताने गेला, आणि तो एनएफएलचा तगडा खेळाडू होता. मूल अडखळायला लागलं, उगाच चिडलं, असंबद्ध बोललं, तर तो थकवा समजू नका. ९११ ला फोन करा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत पॅड काढून त्याला बर्फाच्या पाण्यात बसवा. आधी थंड करायचं, मग हलवायचं. मैदानावर तसा टब आहे का, हाही कोचला विचारायचा प्रश्न.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. शाकाहारी मुलगा फुटबॉल खेळू शकतो. वरण, उसळ, दही, पनीर, दूध, चालत असतील तर अंडी, पोटभर. प्रोटीन पावडरचे डबे आणू नका. सरावाच्या दोन तास आधी पोळी-भाजी किंवा उपमा, निघताना केळं. मीठ घातलेलं लिंबू सरबत हे स्पोर्ट्स ड्रिंकच्या रंगीत बाटल्यांइतकंच चांगलं. चतुर्थीचा उपास मात्र या वयात, या उन्हात नको. आजींना मी सांगितलं म्हणून सांगा.

आता ज्याच्यासाठी मी मैदानावर उभा असतो ते. कन्कशन बाहेरून दिसत नाही. बेशुद्ध पडलं तरच लागलंय असं नसतं, बहुतेक मुलं शुद्धीतच असतात. डोकं दुखणं, उजेड सहन न होणं, मळमळ, चक्कर, ‘सगळं धूसर वाटतंय’, तेच तेच विचारणं, घरी आल्यावर विनाकारण रडणं. हे मुलाने सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि मुलं सांगत नाहीत. संघातून काढतील, कोच रागावेल, मित्र हसतील. म्हणून मोसमाच्या आधी, शांतपणे, त्याच्याशी एकदा बोला. ‘डोक्यात काही वेगळं वाटलं तर लगेच कोचला सांगायचं, त्यासाठी आम्ही कधीही रागावणार नाही’ हे शब्द तुमच्या तोंडून यायला हवेत, आणि बाबांच्या तोंडून तर नक्कीच. मित्राचं सांगणं ही चुगली नाही, हेही. आणि ‘काही नाही झालं, ऊठ’ हे आपल्या जिभेवर बसलेलं वाक्य त्या मैदानापुरतं गिळायचं. तुम्ही एकदा ते म्हणालात की पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

शंका आली तर त्या दिवशी परत खेळायचं नाही. शाळांसाठी टेक्सासमध्ये २०११ पासून तसा कायदा आहे. खासगी लीग तो पाळते का, हे तुम्ही आधीच विचारलेलं असेल. पहिला मार भरून आला नसताना दुसरा बसला तर मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते. क्वचित होतं, पण होतं ते बहुतेक मुलांना आणि तरुणांनाच. घरी आणल्यावर झोपू द्या, जागं ठेवायचं ही जुनी समजूत आहे. पण पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, एक बाहुली मोठी दिसणं, झटके, उठवूनही न उठणं, यांपैकी काहीही दिसलं तर थेट इमर्जन्सीत. पहिले एक-दोन दिवस आराम आणि स्क्रीन कमी. आधी शाळा नीट जमली पाहिजे, मगच खेळ, आणि खेळही पायरीपायरीने: चालणं, धावणं, संपर्काविना सराव, डॉक्टरची लेखी परवानगी, मग संपर्क. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. डोकं पुन्हा दुखलं की एक पायरी मागे.

टाचेच्या आणि गुडघ्याच्या खालच्या दुखण्याबद्दल एवढंच की या वयात हाडं वाढत असतात, तिथे दुखतं, विश्रांतीने बरं होतं. लंगडत असेल तर खेळवू नका.

पहिल्या पॅडच्या दिवसाबद्दल सांगतो, कारण तो दिवस बऱ्याच घरांत रडारडीचा असतो. शोल्डर पॅड घातल्यावर मुलाला हात वर करता येत नाहीत, हेल्मेटमध्ये स्वतःचाच श्वास मोठ्याने ऐकू येतो, घाम डोळ्यांत जातो, जाळीतून पाणी पिता येत नाही. त्यातच पहिला धक्का बसतो. बरीच मुलं रडतात, अगदी दांडगी सुद्धा. हे सगळं घरी आधी होऊन जाऊ द्या: पॅड मिळाले की हॉलमध्ये अर्धा तास घालून बसू दे, पळू दे, पाणी पिऊ दे. मैदानावर तुम्ही लांब बसा. कोच शिकवत असताना कडेवरून मराठीत सूचना देऊ नका, पोराला दोन भाषांत दोन माणसं ऐकावी लागतात. घरी येताना गाडीत खेळाची उजळणीही नको. भूक लागलीय का, एवढं विचारा.

त्याला दोन आठवड्यांनी सोडावंसं वाटलं तर? कंटाळा, दमणूक, राखीव बसवतात म्हणून रुसवा, अशा कारणांसाठी मी म्हणेन की अजून दोन आठवडे थांबायला सांगा. पण त्याला धडकण्याचीच भीती वाटत असेल तर त्याच दिवशी काढा. भीती धरून खेळणारं मूल डोळे मिटतं, आणि ते का वाईट ते वर लिहिलंय. बाबांना हे पटवणं कदाचित जास्त अवघड जाईल.

वेळेचा हिशेब घरात आधीच करून घ्या. आठवड्याला तीन-चार संध्याकाळी सराव, शनिवारी सामना, ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत. म्हणजे गणपती, नवरात्र, बऱ्याचदा दिवाळीही याच्यातच. मंडळाच्या नाटुकलीची तालीम आणि सामना एकाच शनिवारी येणारच. दीड दिवसाच्या गणपतीसाठी एक सराव बुडवला तर चालतं, फक्त कोचला आदल्या आठवड्यात सांगा. मोसमाच्या मधोमध भारतात जायचं ठरत असेल तर यंदा नाव घालूच नका. तीन आठवडे नसलेला मुलगा परत येतो तेव्हा बाकीची मुलं पुढे गेलेली असतात आणि तो थेट संपर्कात उतरतो.

फॉर्म भरण्याआधी दोन कागद वाचा. एक, पैसे परत मिळण्याची शेवटची तारीख. ती पहिल्या पॅडच्या दिवसानंतरची असेल तर उत्तम. दुसरा, लीगचा विमा. तो बहुतेक ठिकाणी दुय्यम असतो, आधी तुमच्या नोकरीच्या विम्यातून खर्च भागवावा लागतो, आणि त्याची स्वतःची वजावट (आधी तुम्ही खिशातून भरायची रक्कम) वेगळी असते. आणि फ्लॅगची नोंदणी बऱ्याच ठिकाणी ऑगस्टपर्यंत उघडी असते, ती तारीख फ्रिजवर लावून ठेवा.